सात फांसे व तीन पुस्तकें

गेल्या वर्षीं जून महिन्यांत शाळा उघडून पंधरवडा झाला नसेल, तोंच वसतिगृहांतील एका विद्यार्थ्याच्या ट्रंकेंत फांसे सांपडल्याची वर्दी आमच्याकडे आली. वर्दी आणणाऱ्या मुलाची चर्या पाहून ट्रंकेंत साप निघाला असावा असें कोणासही वाटलें असतें. आम्हीं जाऊन पाहिलें, तों एक लहानशी मखमली पिशवी, आणि तींत निळ्या रंगाचे, रुपेरी अंकांचे सात फांसे. एक मनोऱ्यासारखा टोकदार, एक नेहमींचा चौकोनी, एक जवळ जवळ गोटीसारखा वाटोळा. आम्हीं पिशवी जप्त केली. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं, मुलाचें नांव न घेतां परंतु सर्वांस कळेल अशा रीतीनें, द्यूताविषयीं चार शब्द बोललों. आणि पिशवी आमच्या खणांत टाकून दिली. त्या चार शब्दांची आम्हांस पुढें लाज वाटली.

आमच्या आजोबांच्या घरीं पत्ते व सोंगट्या यांस मज्जाव होता. मिशनच्या आवारांत वाढलेल्या त्या पिढीस फांसा म्हटला कीं दोनच चित्रें दिसत: वधस्तंभाखालीं बसून प्रभूच्या झग्यावर चिठ्ठ्या टाकणारे शिपाई, आणि शेजारच्या घरांतून ऐकलेली कौरवसभेंतील धर्मराजाची कथा. तोच संस्कार आमच्यापर्यंत आला. वास्तविक यहूदाच्या रिकाम्या जागीं मत्थियाची निवड प्रेषितांनीं चिठ्ठ्या टाकूनच केली, हें आम्ही स्वतः दरवर्षीं सातवीच्या वर्गास शिकवीत आलों आहों. पण शिकविलेलें वेळेवर आठवतें असें नाहीं, आणि ही गोष्ट विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांसही लागू आहे.

सप्टेंबरांत त्या मुलाचे वडील भोजनखर्चाचे पैसे भरावयास आले. ते तालुक्याच्या गांवीं शिंपीकाम करितात. फांसे जप्त झाल्याबद्दल त्यांनीं तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं. त्यांचा प्रश्न निराळाच होता.

“सर, पोरगा ह्या खेळाची तीन पुस्तकं मागतोय. फासे त्याच्या थोरल्या भावानं पुण्याहून आणून दिले, तेवढं ठीक. पण पुस्तक साडेतीन हजाराचं आहे म्हणतात. एक पुस्तक. एका सदऱ्याची शिलाई मी साडेतीनशे घेतो. म्हणजे एक पुस्तक झालं दहा सदऱ्यांचं, तीन झाली तीस सदऱ्यांची. घ्यावी का नको? तुम्ही सांगाल तसं.”

मुलगा दाराशीं उभा होता. आम्हीं एका क्षणाचाही विचार न करितां “नको” म्हणून सांगितलें. वडिलांच्या खांद्यावरचें ओझें उतरल्यासारखें दिसलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं.

“तुम्ही सांगाल तसं” हे तीन शब्द आमच्या मनांत राहिले. ज्या वस्तूविषयीं आम्हांस कांहींच ठाऊक नव्हतें, तिच्याविषयीं एका कष्टाळू माणसास आम्हीं निकाल देऊन टाकला होता. निकाल पैसे वांचविणारा होता, म्हणून तो बरोबरच असला पाहिजे असें आम्हीं धरून चाललों.

ऑक्टोबरांत भूमितीच्या वह्या तपासतांना एक चुकीची वही आमच्या हातीं आली. दोनशें पानांची वही, पैकीं दीडशेंच्या वर पानें भरलेलीं. बारीक अक्षर, आंखलेलीं कोष्टकें, निम्मी भाषा इंग्रजी व निम्मी मराठी. ‘येथें बारा किंवा अधिक पडल्यास दोर तुटत नाहीं’ अशा तऱ्हेचीं वाक्यें. ती त्या खेळाच्या नियमांची हातानें उतरून घेतलेली प्रत होती. जो मुलगा इतिहासाच्या उत्तरांत चार ओळींच्या पुढें जात नसे, त्यानें हें सर्व आपण होऊन लिहिलें होतें. वहीच्या पाठीमागच्या कव्हरांत कागदाच्या घड्या होत्या. त्या उलगडून पाहतों तों विंशतिफलकाची, म्हणजे वीस समभुज त्रिकोणांच्या घनाकृतीची, कात्रीनें कापलेली आंखणी! आम्ही आठवीपासून दहावीपर्यंत भूमिती शिकवितों. विंशतिफलकाची आंखणी पाठ्यपुस्तकांत नाहीं. ती त्यास कोणी शिकविली नव्हती.

येथून आम्हांस चौकशी करणें भाग पडलें. ती करितां करितां आम्हांसच गोडी लागली, हें कबूल केलें पाहिजे.

हा खेळ कसा असतो, हें ज्या पालकांस ठाऊक नसेल त्यांच्याकरितां थोडक्यांत सांगतों. मेजाभोंवतीं चारपांच गडी बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो; बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. सूत्रधार प्रसंग सांगतो: तुम्ही घळींत आलां आहां, पुढें झुलता पूल आहे, त्याचे दोर कुजलेले दिसतात, आतां काय करितां? गडी आपसांत खल करून आपला बेत सांगतात. जें सहज होण्यासारखें असेल तें होतें; जें होणें शक्यच नाहीं तें होत नाहीं; आणि जें होईल कीं न होईल असें असतें, तेथेंच फांसा पडतो. कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं, व पैज तर मुळींच नसते. पुस्तकांत असतें तें एवढेंच कीं, कोणतें काम किती अवघड, कोणत्या पात्रास काय साधतें, कोणता राक्षस कसा लढतो. कथा पुस्तकांत नसते. असली तरी तिचा सांगाडा असतो. ती मेजावर व्हावी लागते.

अशा खेळांपैकीं सर्वांत प्रसिद्ध ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा होय. त्याचे जनक गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे दोघे अमेरिकन गृहस्थ. लढाया मेजावर मांडून खेळण्याची दोघांसही हौस होती. असे खेळ जुनेच आहेत. प्रशियाच्या सैन्यांतील राइस्विट्झ नांवाच्या अधिकाऱ्यानें १८२४ सालीं अधिकाऱ्यांच्या शिक्षणाकरितां प्रसिद्ध केलेल्या खेळांतही निकाल फांशांनींच लागत असे. ह्या दोघांनीं पलटणीच्या जागीं एकेक माणूस आणला, आणि त्या माणसास नांव दिलें. गायगॅक्स यांची विमा कंपनींतील नोकरी १९७० सालीं सुटली होती, व ते जोडे दुरुस्त करून संसार चालवीत होते. १९७३ सालीं त्यांनीं डॉन के ह्या बाळमित्राबरोबर एक छोटी प्रकाशनसंस्था काढली. १९७४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा ह्या गांवाहून त्यांच्या खेळाच्या १००० पेट्या बाहेर पडल्या. लांकडाच्या रंगाचा कागद चिकटविलेली पेटी, आंत तीन पातळ चोपड्या, किंमत १० डॉलर. पेट्या घरींच बसून भरल्या जात. जोडे शिवणाऱ्या माणसाच्या हातून हा खेळ जगांत आला, हें आम्हांस त्या शिंपी गृहस्थांस सांगावेंसें वाटलें.

फांशांची कथा तर शिक्षकांस अधिकच आवडण्यासारखी आहे. चार, आठ, बारा व वीस बाजूंचे फांसे त्या वेळीं खेळण्यांच्या दुकानांत मिळत नसत. ते सांपडले शाळांस गणिताचें साहित्य पुरविणाऱ्या कॅलिफोर्नियांतील एका मंडळीकडे! संभवनीयतेचे पाठ शिकविण्याकरितां केलेले ते फांसे होते. माल इतका मऊ कीं थोडे दिवस खेळल्यावर कोपरे झिजून वाटोळे होत. पुढें खेळाची मागणी एवढी वाढली कीं १९७९ च्या सुमारास फांसे पुरेनात, आणि पेटींत फांशांच्या ऐवजीं अंक छापलेले कागदी तुकडे घालण्याची पाळी आली. गड्यानें ते कापून पेल्यांत घालावेत व न पाहतां एक उचलावा. नंतर कांहीं वर्षें फांशांबरोबर मेणाचा खडू येत असे, कारण अंक कोरलेले असत पण रंगविलेले नसत; ज्यानें त्यानें आपल्या हातानें खडू घांसून ते भरावेत. तेव्हां महाग व चकचकीत फांशांवांचून हा खेळ होत नाहीं, असें जे कोणी सांगतात त्यांनीं आपल्याच खेळाचा इतिहास वाचलेला नाहीं.

सर्व बाजू सारख्या, नियमित व सर्व कोपरे सारखे, असे बहिर्गोल घन पांचच होऊं शकतात: चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक व विंशतिफलक. युक्लिडाच्या ग्रंथाचा तेरावा म्हणजे शेवटचा भाग ह्यांच्याच रचनेस वाहिलेला आहे. पिशवींतील सातांपैकीं पांच फांसे म्हणजे नेमके हेच पांच. दहा बाजूंचे दोन असतात ते ह्या कुळांतले नव्हेत. ते मागाहून आले. विंशतिफलकाचा फांसा मात्र अमेरिकेनें शोधिलेला नाहीं. ग्रीक राजांच्या अमलाखालील इजिप्तांतले, दगडाचे, बाजूंवर ग्रीक अक्षरें कोरलेले असे फांसे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत ठेवलेले आहेत. त्यांवर काय खेळत असत, देव जाणे.

आम्ही वही घेऊन मुलाकडे गेलों. तो उभा राहिला, आणि आतां वहीही जाणार अशा समजुतीनें त्यानें खालीं पाहिलें. आम्हीं विचारलें, “हें कोठून उतरलेंस?” तेव्हां कळलें कीं नियम फुकट मिळतात. प्रकाशकांनीं २०१४ सालीं मूळ नियमांचा एक संक्षेप कोणासही विनामूल्य घेतां यावा असा इंटरनेटवर ठेवला होता. आणि २०२३ च्या जानेवारींत, परवान्याच्या अटी बदलण्याच्या त्यांच्या बेतावर गड्यांनीं मोठा गहजब केल्यानंतर, सुमारें ४०० पृष्ठांचा नियमसंग्रह कोणीही वापरावा, उतरावा, त्यावर आपलें रचावें अशा मोकळ्या परवान्यानें जगास देऊन टाकला. मुलानें शाळेच्या संगणकावर तो वाचला होता. छपाईस पैसे पडतात म्हणून हातानें उतरला. आमच्या “नको”चें त्यानें अक्षरशः पालन केलें होतें: पुस्तक घेतलें नाहीं.

“आणि फांसे?”

त्यानें उशीखालून एक डबी काढली. तींत ड्रॉइंग पेपराचे सहा फांसे. चतुष्फलक उत्तम साधला होता. विंशतिफलक किंचित कलंडत होता, आणि तो म्हणाला, “सर, ह्याच्यावर सात फार पडतो.” आम्हीं तो वर्गांत नेला. दोन तासिकांत मुलांनीं आळीपाळीनें तो ४०० वेळां टाकला. प्रत्येक अंक सुमारें २० वेळां यावयाचा, तो सात ४३ वेळां आला. अशा फांशावर समोरासमोरच्या अंकांची बेरीज २१ असते. सातासमोर चौदा, आणि चौदाच्या बाजूच्या पोटांत डिंक लावलेल्या तीन घड्या एकावर एक आल्या होत्या. जड बाजू खालीं बसे व सात वर येई. संभवनीयता आम्ही वीस वर्षें शिकवीत आहों. पण पहिल्या बांकापासून शेवटच्या बांकापर्यंत सर्व मुलें फळ्यावरील आंकड्यांकडे टक लावून पाहत आहेत, असें आम्हीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें. तास संपल्यावर त्यानें विचारलें कीं, नियमांत कांहीं वेळां दोन फांसे टाकून मोठा अंक घ्यावा असें आहे, त्यानें किती फायदा होतो? एका फांशाची सरासरी साडेदहा. दोहोंतला मोठा घेतला तर पावणेचौदाच्या किंचित वर. वीस पडण्याचा संभव एका फांशानें शंभरांत पांच, दोहोंनीं पावणेदहा. दुप्पट कां नाहीं, हें त्याचें त्यानेंच तिसऱ्या दिवशीं येऊन सांगितलें.

त्याच आठवड्यांत प्रार्थनेच्या वेळीं, ज्या जागेवरून द्यूताविषयीं बोललों होतों त्याच जागेवरून, आमची चूक झाली होती असें आम्हीं सर्व मुलांसमोर सांगितलें. पिशवी परत केली. मुलानें ती उघडून मोजली: सहाच फांसे! चार बाजूंचा नव्हता. दिवाळीच्या सुटींत आम्हीं खण साफ केला, त्या वेळीं खडूच्या तुकड्यांबरोबर तो केरांत गेला असला पाहिजे. “असूं द्या सर,” तो म्हणाला, “कागदाचा तोच चांगला झाला आहे.”

नंतरच्या शनिवारीं आम्हांस आमंत्रण आलें. वसतिगृहाच्या मागच्या ओसरीवर, मेजाच्या जागीं उलटी ट्रंक. पांच मुलें. आम्हांस वैद्याचें पात्र देण्यांत आलें. जो मुलगा वर्गांत नांव पुकारल्यावर “हजर” म्हणतो तेंही ऐकूं येत नाहीं, तो सूत्रधार होता, आणि तो दोन तास बोलला. पूल राखणारी म्हातारी, नदीचा आवाज, पलीकडच्या गांवांतील विझलेल्या चुली. सर्व मराठींत, आणि चांगल्या मराठींत. पुलावर आम्हीं वीस बाजूंचा फांसा टाकला, तों एक पडला. वैद्य नदींत. औषधांची पेटीही नदींत. आमच्या मागें उरलेल्यांनीं विचार केला. पुढें जावें तर दिवस मावळण्याच्या आंत गांव गांठतां येई. मागें वळावें तर एकुलता एक दोर खर्ची पडे. आठवींतील एक मुलगा, जो त्या वर्षीं नवीनच आला होता व ज्याच्याशीं कोणी फारसें बोलत नसे, तो म्हणाला, “सरांना टाकून जायचं नाही.” आणि त्यांनीं दोर टाकला. त्या ओसरीवर जून महिन्यांतला हिशेब कोणी काढला नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं, कारण वडिलांस दिलेला “नको” अद्याप तसाच उभा होता.

२०१४ सालीं ह्या खेळाचीं तीन मुख्य पुस्तकें अमेरिकेंत प्रत्येकीं ४९.९५ डॉलर अशा किंमतीस निघालीं. त्या वर्षींच्या हुंडणावळीनें एकेक पुस्तक सुमारें ३००० रुपयांचें झालें. तीनशेंच्या वर पृष्ठें, जाड कागद, पानोंपानीं रंगीत चित्रें. छपाईच्या मानानें किंमत अवाजवी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण चित्रांनीं खेळ होत नाहीं. तीन पुस्तकांपैकीं एक गड्यांचें, एक सूत्रधाराचें, एक राक्षसांचें. राक्षस तर फुकटच्या संग्रहांत शेंकड्यांनीं आहेत, आणि आमचा सूत्रधार स्वतःचे करितो ते अधिक भयंकर असतात. सूत्रधाराचें पुस्तक आम्हीं एका माजी विद्यार्थ्याकडून मागवून वाचलें. नव्या मुलास त्याची गरज पडेल असें वाटलें नाहीं. गड्यांचें पुस्तक मात्र निराळें. तें मेजावर मधोमध असलें म्हणजे वाद तुटतो, प्रत्येकजण तें ओढून वाचतो, आणि त्याची इंग्रजी जरी दाट असली तरी मुलें शब्दकोश घेऊन तिच्याशीं झगडतात.

कित्येकजण तासांचा हिशेब मांडतात. तो आम्हींही मांडून पाहिला: पांच मुलें, दोन तास, वर्षांतले तीस शनिवार, म्हणजे तीनशें तास, साडेतीन हजारांस भागिलें तर ताशीं बारा रुपयांच्या आंतच. चहाही इतका स्वस्त पडत नाहीं. पण हा हिशेब फसवा आहे. शनिवार जमले तर तो खरा. सूत्रधार आजारी पडला, दोघे गांवीं गेले, परीक्षा आली, कीं तेंच पुस्तक तीस सदऱ्यांइतकें महाग. हा खेळ एकट्यास खेळावयाचा नव्हे. पुस्तक घेतांना मनुष्य खरोखर चार सोबत्यांवर पैसे लावीत असतो, आणि सोबती पुस्तकाबरोबर येत नाहींत. आमच्या मुलाजवळ सोबती आधीं होते, पुस्तक नव्हतें. ज्यांच्याजवळ पुस्तकें आधीं आहेत व सोबती नाहींत, अशांच्या घरचीं फडताळें भरलेलीं असतात. धातूचे फांसे, राळेचे फांसे, एकाच खेळाच्या नव्या नव्या आवृत्त्या: १९७४, १९८९, २०००, २००८, २०१४, २०२४. नवी आवृत्ति निघाली म्हणून जुनें पुस्तक फिरत नाहीं कीं चालेनासें होत नाहीं, पण तसें वाटूं लागतें खरें. आमच्याही घरीं न वाचलेल्या पुस्तकांचें एक फडताळ आहे. तेव्हां ह्याविषयीं अधिक बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

एक अडचण निराळ्याच बाजूनें आली. पांच मुलांपैकीं एकाचे वडील, मंडळींतील जबाबदार गृहस्थ, आम्हांस भेटून म्हणाले कीं, ह्या खेळांत सैतानाची उपासना असते असें त्यांनीं ऐकलें आहे. त्यांनीं ऐकलें तें निराधार नव्हतें, म्हणजे बोलणारे पुष्कळ होते. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अनेक ख्रिस्ती घरांत ह्या खेळाची मोठी धास्ती होती. व्हर्जीनियांतील एका मातेचा मुलगा १९८२ सालीं आत्महत्येनें गेला. तिनें त्याचा दोष खेळास दिला व त्याविरुद्ध संस्था काढली. त्या मातेच्या दुःखाविषयीं कोणीं हलकें बोलूं नये. परंतु ज्यांनीं पुढें ह्या आरोपांची शहानिशा केली त्यांस खेळ व आत्मघात ह्यांत कार्यकारणाचा संबंध आढळला नाहीं. १९८९ च्या आवृत्तींत प्रकाशकांनीं भुतासैतानांचीं नांवें गाळलीं. २००० च्या आवृत्तींत तीं परत आलीं. आम्हीं त्या गृहस्थांस कागद दाखविण्याऐवजीं ओसरीवर येऊन बसण्याची विनंति केली. ते अर्धा तास बसले. उठतांना इतकेंच म्हणाले कीं, म्हातारीनें पुलाचा कर घेतला तो जास्त घेतला. मुलास परवानगी मिळाली. मात्र रविवारीं खेळ नको, ही त्यांची अट, व ती आम्हांसही मान्य आहे. सर्व गोड झालें असें मात्र नव्हे. सहामाहींत एका मुलाचे गुण उतरले, व त्याचें कारण आम्ही अभ्यासाशिवाय दुसरें कोणतेंच शोधलें नाहीं. खेळाच्या गोष्टी तो तासिकेंतही लिहीत असे. तेव्हांपासून शनिवारचे दोन तास, व घंटा झाली कीं राक्षस अर्धा मेला असला तरी उठावयाचें, असा नियम केला आहे.

जानेवारींत आम्हीं त्या शिंपी गृहस्थांस पत्र लिहिलें. प्रथम आमचा सप्टेंबरांतला निकाल मागें घेतला. मग लिहिलें कीं, तीन पुस्तकें घेऊं नयेत; एक घ्यावें, आणि तेंही आपल्या मुलाकरितां नव्हे तर ओसरीकरितां. पांच घरांनीं मिळून घेतलें तर एका घरास सातशें रुपये, म्हणजे दोन सदरे. तें वसतिगृहाच्या कपाटांत राहील, व हीं मुलें गेल्यावर पुढच्यांस उपयोगी पडेल. हेंही जड असल्यास वही आहेच. आमच्या मतें ती छापील पुस्तकापेक्षां कमी किंमतीची नाहीं.

उत्तर आठ दिवसांत आलें. पाकिटांत सातशें रुपये होते, आणि एका चिठ्ठींत पुस्तकाची लांबी, रुंदी व जाडी कळवावी अशी विनंति. आम्हांस त्याचा अर्थ लागला नाहीं, पण कळविली. फेब्रुवारींत पुस्तक आलें, आणि पाठोपाठ तालुक्याहून एक पुडकें. सदऱ्याच्या निळ्या रेघांच्या उरलेल्या कापडाचें, दुहेरी टीप घातलेलें पुस्तकाचें वेष्टन. आणि त्याच्या मागच्या बाजूस गुंडी लावलेला एक छोटा खिसा, फांशांकरितां.

खिसा सात फांशांच्या मापाचा होता, आणि मुलाजवळ सहा. तेव्हां पुण्यास गेलों असतां आम्हीं चार बाजूंचा फांसा विकत घ्यावयास दुकानांत शिरलों. दुकानदारानें सुटा फांसा विकत नाहीं म्हणून सांगितलें. सातांची जोडी, साडेतीनशें रुपये. म्हणजे नेमका एक सदरा. घासाघीस करून पाहिली, ती साधली नाहीं. त्यांतला टोकदार फांसा आम्हीं मुलाच्या खिशांत घातला. रंग हिरवा असल्यामुळें तो इतरांत उठून दिसतो, व कोणी नवा गडी आला कीं हा असा कां, म्हणून विचारतो.

राहिलेले सहा आमच्याच खणांत आहेत. मागच्या आठवड्यांत सूत्रधाराकडून निरोप आला कीं, वैद्य नदीच्या कांठीं शुद्धीवर येत आहे, तरी सरांनीं शनिवारीं आपले फांसे घेऊन यावें; चार बाजूंचा लागला तर तो उसना देईल.